हवालदार आबांचा उजवा हात

तुमच्या गावात तालीम असेल. तिच्या दारातून तुमची बहीण कधी आत गेली आहे का?

उत्तर लगेच देऊ नका. मी ते शेवटी मागणार आहे. त्याआधी तुम्हाला एका माणसाच्या उजव्या हाताबद्दल सांगते.

तो हात मी कधी गप्प पाहिला नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत मान पुढं करून बसले असले, तरी हवालदार आबांचं उजवं मनगट मांडीवर खाली-वर, खाली-वर चाललेलं असायचं. चहाच्या गाड्यावर कप डाव्या हातात आणि उजवा चालू. एकदा भावकीतल्या दहाव्याला बसले होते, तिथंही चालू. शेजारच्या म्हाताऱ्यानं कोपर मारलं, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "मयताला तरास न्हाई, तुला का व्हतोय?"

औंधच्या अलीकडं आमचं गाव. गावात प्रत्येक आळीत एक तरी माणूस फौजेतून आलेला. कुणी आल्यावर शेती करतो, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. हवालदार आबा गिटार शिकवायचे. फौजेच्या बँडमध्ये ते ढोल वाजवत. एकदा गिटारवाला रजेवर गेला आणि साहेबानं विचारलं, गिटार कोण वाजवणार? "मी सगळ्यात फुडं हुबा हुतो, एवढाच गुन्हा," आबा सांगायचे. "साहेब म्हणलं, हवालदार बजाएगा. म्हणलं, जी साब. फौजेत येतंय का न्हाई ह्ये इचारत न्हाईत, हुकूम व्हतो आन् गिटार वाजती."

डाव्या हातानं तारा दाबायचे चारच प्रकार त्यांना यायचे. चार म्हणजे चार. पाचवा विचारला तर म्हणत, "त्यो मोबाईलवरच्या गुरुजींकडं शिका. त्येंच्याकडं डावा हात लय भारी मिळतो. उजवा माझ्याकडं."

मी त्यांच्याकडं गेले ती एका अटीवर. ती अट माझी होती. आमचं घर चळवळीचं. पाव्हण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं, आणि मी बाराखडीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. सभेत गाणी म्हणायला मला साथ हवी होती. म्हणून पहिल्याच दिवशी आबांना सांगितलं, "मला हुकूम दिलेला चालणार नाही. कारण समजावून सांगा, मग मी करीन."

आबांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "चालंल," म्हणाले. "मग पहिला हुकूम न्हाई, इनंती. डावा हात खिशात घाल."

"माझ्या ड्रेसला खिसा नाही."

"मग पाठीमागं धर. आठ दिस त्यो मला दिसला न्हाई पायजे."

गिटारच्या वर्गात आठ दिवस डावा हात पाठीमागं! आम्ही पाच रंगरूट होतो, म्हणजे तीन मुली आणि दोन मुलं. रंगरूट म्हणजे नवा शिपाई, आबांचा शब्द. पाच गिटारींपैकी दोन आबांच्या आणि तीन शहरात नोकरीला गेलेल्या पोरांनी कपाटामागं टाकून दिलेल्या. त्यातल्या एकीची मान हलत होती, ती आबांनी मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडून नीट करून आणली. कारागीर म्हणाला म्हणे, "आमच्या तंबोऱ्याला चार तारा पुरतात, तुम्हाला सहा कशाला?" आबा म्हणाले, "आमी गडबडीची माणसं."

नखी, म्हणजे तारा छेडायचा तो प्लॅस्टिकचा तुकडा, आबा जुन्या सिमकार्डाच्या पट्टीतून कापायचे. पोरांना सांगायचे, तंबाखूची चिमूट धरतोस तशी धर. आम्हाला म्हणाले, हळदीकुंकवाची चिमूट धरता तशी. मी तिथंच उभी राहिले. पोरांना तंबाखू आणि आम्हाला हळदीकुंकू, हा भेद कशासाठी? आणि ज्यांना कुंकू नाही त्या बायकांनी गिटार धरायचीच नाही का? आबा दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या म्हणाले, "समद्यांनी ऐका. मिठाची चिमूट. मीठ समद्यांच्या भाजीत पडतं." आणि माझ्याकडं बघून, "पास का, पुढारी?" तेव्हापासून मी पुढारी.

त्यांची रीत साधी होती. कोपर हलवायचं नाही, मनगट सोडायचं. "हात धुतलाय, टावेल घावत न्हाई. कसा झटकशील? तसा झटक." एकला हात खाली, "आणि"ला वर. एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि. मग एखाद्या ठोक्याला म्हणायचे, हितं तारंला लावू नको, पर हात जाऊ दे. तारेला लागला नाही तरी हात खाली जाऊन वर आलाच पाहिजे. का, म्हणून मी विचारलं. अटच होती.

"कदमताल बघितलायस?" त्यांनी उठून दाखवला. सत्तरी ओलांडलेला माणूस जागच्या जागी पाय उचलत उभा. "पलटण हुबी हाय, फुडं जात न्हाई. पर पाय थांबला का? न्हाई. हुकूम आला की समदे एकदम निघत्यात, कारण पाय आधीच चालू हाय. हाताचं बी तसंच. आवाज कवा काढायचा, कवा न्हाई, ती गंमत. थांबायचं न्हाई, ह्यो कायदा."

मला तोच कायदा जमेना. डावा हात पाठीमागून सुटल्यावर तर मुळीच नाही. एक बोट चुकीच्या तारेवर पडलं की मी थांबायची, बोट नीट लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चुकीचं वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं, हे माझं तत्त्व. आबांनी ते तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "पुढारी, तुझी बैलगाडी हाय का गं? दर खड्ड्याला उतरून खड्डा बुजवतीस, मग बसतीस. गाव कवा यायचं?"

"पण चूक तशीच ठेवायची?"

"ठेवायची. फुडल्या वेळंला न्हाई करायची. चुकीनं गाणं मरत न्हाई. थांबल्यानं मरतं."

हा वर्ग चालायचा तालमीच्या बाहेरच्या खोलीत, सकाळी साडेसहाला. आत लाल माती, मारुतीची तसबीर आणि जोर काढणारे पैलवान. बाहेर लेझमा टांगलेल्या खोलीत आम्ही. आबा तालमीचे जुने गडी, खोलीची किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची. सहाव्या आठवड्यात तालमीचे कारभारी बापू आले. मोडलेले कान, रुंद खांदे, आवाज असा की लेझमा आपोआप वाजाव्यात.

"आबा, पोरीस्नी हितं न्हाई बसवायचं."

"का रं?"

"मारुतीची तालीम हाय."

"बरं. काय म्हणला मारुती?"

"कोण?"

"मारुती. तू त्येला इचारूनच आला असशील न्हवं? काय म्हणला?"

पोरं फिसकन हसली. बापूंचा चेहरा लाल झाला. "चेष्टा नगा करू. बापजाद्यांची रीत हाय. पोरं येऊ देत, पोरी न्हाई."

आम्हा तिघींचे हात थांबले होते. मला आठवतंय, माझ्या शेजारच्या मुलीनं तर गिटार हळूच पिशवीत घालायला घेतली होती. तिला घरून कुठंच पाठवत नसत. या खोलीत ती येऊ शकायची, ती आबांच्या नावावर. खोली गेली की तिची सकाळ गेली.

आबांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि बापूंच्या तळहातावर ठेवली. "किल्ली तालमीची. वर्ग माझा. रंगरूट, हत्यारं उचला." आणि आम्हा पाचही जणांना घेऊन ते बाहेरच्या पायरीवर येऊन बसले. पायरी तालमीचीच, पण दाराच्या बाहेरची. तिच्याबद्दल बापजाद्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं.

मी घरी गेले आणि लिहायला बसले. 'तालीम कुणाच्या बापाची?' असं पत्रक. चार दिवस खपून लिहिलं, छापलं, दूध घालायला येणाऱ्यापासून देवळात जाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटलं. परिणाम झालाच. बापूंनी त्यांच्या बापाचं नाव काढल्याबद्दल गावभर आरडाओरडा केला आणि बाकीच्या दोन्ही मुलींच्या घरच्यांनी घाबरून त्यांचं येणं बंद केलं. पाचव्या दिवशी पायरीवर मी, दोन मुलं आणि आबा.

आबांनी चष्मा लावून पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "लय भारी लिवलंस," ते म्हणाले. "शेवटचा परिच्छेद तर तोफ हाय तोफ. पर पुढारी, चार दिस तू हितं नव्हतीस. गिटार हातात घेतलीवतीस का?"

नव्हती घेतली.

"तोफ उडवली आन् हात थांबला. पत्रक माणूस एकदा वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो. आपण रोज साडेसहाला ह्या पायरीवर बसायचं. रोज. त्येची घडी घालून दाखव म्हणावं कुणाला."

मी आजही पत्रकं लिहिते. पत्रक लिहू नये असं आबांनी कधी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण त्या सकाळपासून मी पायरी चुकवली नाही. आबा स्वतः दोन्ही मुलींच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही. फौजेची टोपी घालून गेले होते एवढं खरं. आठवड्याभरात दोघी परत आल्या.

आणि मग एक मजा झाली. आत पैलवान बैठका मारायचे, बाहेर आम्ही एक-आणि, दोन-आणि. काही दिवसांनी आतला 'हुप्प' आणि आमचा एक बरोबर एकाच वेळी पडायला लागला. आम्ही हळू तर बैठका हळू. आम्ही थांबलो तर एक पैलवान आतून ओरडला, "वाजवा की गं, मोजणी चुकली!" त्यावर बापूंचा आवाज: "ए! गिटारीवर बैठका मारू नगा! ह्यो डान्सचा क्लास हाय का?" पण शरीर ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी बापू स्वतः दंड काढत होते आणि तेही आमच्या तालावर, हे दारातून आम्हाला स्पष्ट दिसत होतं. आबांनी डोळ्यानं खूण केली, दिसलं म्हणून सांगू नका.

त्या वर्षी जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं. आमच्याकडं हलगीशिवाय कुस्ती लागत नाही. हलगी कडाडली की पैलवानाच्या मांडीवर थाप पडते, नाही तर तो थंड उभा राहतो. हलगी वाजवायला दत्तूतात्या. या माणसाशिवाय मैदान भरत नाही, आणि मैदान संपल्यावर त्याला कुणी चहा विचारत नाही. आबा विचारायचे, दर वर्षी, स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या कपात.

हलगीचं कातडं वाजवण्याआधी जाळावर शेकावं लागतं. दत्तूतात्या शेकत होते. बापूंना घाई. "आण हिकडं, असं मिणमिणतं शेकत्यात व्हय?" म्हणून त्यांनी हलगी हिसकावून जाळावर धरली. दत्तूतात्या "आवं बापू, आवं बापू" म्हणेपर्यंत फट् झालं. कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत उललं.

दुसरी हलगी घरी. दत्तूतात्यांचा भाऊ मोटारसायकलवरून आणायला गेला, तरी यायला तासभर. सांगलीकडचे पैलवान लांग चढवून मैदानात उभे, लोक शिट्ट्या मारतायत, माइकवरचा निवेदक तीच ती नावं पुन्हा पुकारतोय. बापू फाटकी हलगी हातात घेऊन मातीकडं बघत होते.

आबांचं घर मैदानाला लागूनच आणि खोली गेल्यापासून आमच्या गिटारी त्यांच्याच ओसरीवर टांगलेल्या. आबा गर्दीतून बापूंपाशी गेले. आम्ही मागं.

"बापू, ताल पायजे का?"

"पायजे की, आबा!"

"पोरींचा हाय. चालंल?"

बापूंनी आमच्याकडं पाहिलं. मग पैलवानांकडं, मग लोकांकडं. माझं अख्खं पत्रक त्या एका क्षणात त्यांच्या तोंडावर उमटलेलं मी पाहिलं. मग ते म्हणाले, "लवकर घ्या."

आबा वळले. "रंगरूट! बंद तारा!"

बंद तारा म्हणजे डावा हात तारांवर नुसता आडवा ठेवायचा. दाबायचा नाही, टेकवायचा. सूर निघत नाही, नुसता ठोका निघतो, कोरडा आणि कडक. डावा हात पाठीमागून सुटला की आबा नवशिक्यांना सगळ्यात आधी हेच शिकवत. आम्ही पाचजण निवेदकाच्या माइकभोवती गोळा झालो आणि दत्तूतात्यांनी फाटक्या हलगीच्या लाकडी कड्यावर काडीनं ताल दाखवला. एक-आणि, दोन-आणि. कर्ण्यांतून ठोका बाहेर पडला, आणि मैदान आधी हसलं, मग गप्प झालं, मग एका पैलवानानं मांडीवर थाप मारली.

कुस्ती रंगत गेली तसे दत्तूतात्या आबांना म्हणाले, "हवालदार, तुमचा हात शिस्तीचा. कुस्तीला शिस्त पुरत न्हाई. चढवाय लागतं."

आयुष्यभर एका चालीनं वाजवणारे आबा ताठ झाले, दत्तूतात्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "जी साब." आणि ताल चढला.

तो चढताना माझ्या बोटांतली नखी उडाली. मातीत पडली. पूर्वीची मी असते तर थांबले असते, शोधली असती, पुसली असती. मी नखांनी वाजवलं. हात खाली, हात वर. बोटाची कातडी सोलली ते मला संध्याकाळी कळलं.

दुसरी हलगी आल्यावर आम्ही थांबायला लागलो, तर दत्तूतात्या ओरडले, "थांबताय कशाला गं? वाजवा!" शेवटच्या कुस्तीपर्यंत हलगी आणि पाच गिटारी एकत्र वाजल्या. संध्याकाळी ओसरीवर चहाला दत्तूतात्या होते आणि, कुणी बोलावलं नसताना, बापूही. ते कपाकडं बघत म्हणाले, "चहा बरा हाय."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही पायरीवर येतो, तर बाहेरच्या खोलीचं दार उघडं. बापू किल्ली बोटाभोवती फिरवत उभे. "पायरीवर बसत जाऊ नगा," ते गुरगुरले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय टाकाय जागा न्हाई." एवढंच. माफी नाही, ठराव नाही. किल्ली त्यांनी आबांच्या हातात दिली नाही, माझ्या दिली. आत जाताना माझा पाय उंबऱ्यावर क्षणभर अडला. मागून आबा म्हणाले, "कदमताल, पुढारी."

गेल्या वर्षी आबांची उजवी बाजू गेली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर राहून आले. बोलणं शाबूत, पाय ओढत चालतात, पण तो हात, जो दहाव्यातही थांबला नव्हता, तो थांबला. वर्गाला यायचे आणि बाहेर पायरीवरच बसायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "मी उजव्या हाताचा मास्तर. आता कसला मास्तर?"

मी एके दिवशी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, उजवा हात थांबला. डावा?"

"डावा काय?"

"डावा थांबलाय का?"

ते हसायला लागले. "लय खट हाईस."

गिटार उलटी केली. निर्जीव उजवा हात मी उचलून तारांवर आडवा ठेवला. दाबायचा नव्हताच, नुसता टेकवायचा होता. बंद तारांना तेवढं पुरतं. डाव्या हातात मिठाची चिमूट धरायला सांगितली. पहिला ठोका चुकला. दुसराही. आबा थांबले, नखी नीट धरायला लागले.

"हवालदार!" मी ओरडले. "बैलगाडी हाय का?"

अख्खा वर्ग हसला, आतले पैलवानही. आता ते नव्या रंगरूटांबरोबर पहिल्या रांगेत बसतात, आणि पायरीवर, चहाच्या गाड्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत त्यांचं डावं मनगट खाली-वर, खाली-वर चाललेलं असतं.

हे लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "जित्त्या माणसावर असलं लिवत्यात व्हय?" मी म्हटलं, मेल्यावर सगळेच लिहितात, त्याचा माणसाला काय उपयोग? त्यांनी थोडा विचार केला. "बरं. पर खरं लिव. मैदानात ताल चढताना तू दोनदा चुकलीवतीस."

दोनदा चुकले होते. लिहिलं.

आता माझा पहिला प्रश्न आठवा. उत्तर 'नाही' असेल, तर लाजू नका, आमचंही तेच होतं. एवढं करा: कपाटामागं पडलेली गिटार काढा, नसेल तर हलगी, तीही नसेल तर नुसती वही घ्या. बहिणीला, मुलीला, शेजारणीला बरोबर घ्या आणि उद्या सकाळी साडेसहाला तुमच्या गावातल्या तालमीच्या पायरीवर जाऊन बसा. कुणी काही बोललं तरी हात चालू ठेवा. चुकलात तरी चालू ठेवा.

आणि परवाही जा.